उशिराचा दाखला

उशिरा येणाऱ्या माणसांचा मला राग येतो. माझी बायको शुभदा म्हणते, यम जरी पाच मिनिटं उशिरा आला तरी तुम्ही त्याला दारातून परत पाठवाल. बहारीनमधल्या हिद्दच्या एका पंप दुरुस्तीच्या कारखान्यात मी सकाळच्या शिफ्टचा इनचार्ज आहे. गेली नऊ वर्षं सात म्हणजे सातला मी टेबलापाशी असतो. यात माझं फारसं कर्तृत्व नाही, हे मात्र मला अलीकडे कळलं. मी अरादला राहतो, दाराशी स्वतःची गाडी आहे आणि रस्ता दहा मिनिटांचा.

आमचा टेक्निशियन सुजीत राहतो जिदहफ्सला आणि येतो कंपनीच्या बसने. पोरगा वर्ध्याचा, हात सोन्याचे, बोलणं कमी. त्या बसमध्ये बाकी सगळे गोडाऊनचे, त्यांची शिफ्ट साडेसातची. सातची शिफ्ट असलेला तो एकटाच.

आमच्याकडे नियम असा की तीन महिन्यांत तीन लेट मार्क झाले की मंजूर झालेली लीव्ह महिनाभर पुढे जाते. सुजीतचे दोन मार्क झाले होते. मी जपानला ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी तो सात बाराला आत आला.

"सर, बस लेट आली न. मी तर सहापासून स्टॉपवर उभा होतो."

"सगळे बसचंच नाव सांगतात. पुरावा आहे?"

तो हळूच म्हणाला, "सर, आठ तारखेपासून माझी लीव्ह आहे. जागृतीला वीस तारीख दिली आहे डॉक्टरनं. पहिलं बाळंतपण आहे. मी येतो म्हणून शब्द दिला आहे तिला."

"मग वेळेवर यायचं होतं," असं म्हणून मी तिसरा मार्क टाकला. उचलली जीभ लावली टाळ्याला. लीव्ह आपोआप पुढच्या महिन्यात गेली आणि मी बॅग भरायला घरी गेलो.

जपान मला पहिल्या दिवशीच पसंत पडलं. फलाटावर आखलेल्या रेघांवर माणसं उभी, आधी उतरणारे उतरणार, मग चढणारे चढणार. पाठीवरच्या पिशव्या पुढे घेतलेल्या, दुसऱ्याला लागू नयेत म्हणून. डब्यात साठ माणसं आणि आवाज एकच, माझा. शुभदाचा फोन आला होता आणि मी "हॅलो, ऐकू येतंय का?" असं ओरडत होतो. कोणी रागावलं नाही. समोरच्या आजीबाई फक्त स्वतःच्या बुटांकडे बघू लागल्या. मी इतका ओशाळलो की पुढच्या स्टेशनवर उतरून बोललो आणि नंतरच्या गाडीने गेलो. ती सात सव्वीसची होती आणि सात सव्वीसलाच आली. ही माझी माणसं, असं मला वाटलं. चुकून सदाशिव पेठेत जन्मलो.

पाचव्या दिवशी गाडी मधेच थांबली. काहीतरी घोषणा झाली, त्यातला माफीचा सूर मलाही कळला. नऊ मिनिटांनी गाडी स्टेशनात लागली. बाहेर पडायच्या फाटकाशी टोपीवाला कर्मचारी वाकून वाकून प्रत्येकाला एक चिठ्ठी देत होता. आता, स्टेशनाबाहेर कागद वाटणारा माणूस दिसला की आपण काय करतो? हात मागे घेतो. क्लासची नाहीतर मूळव्याधीच्या डॉक्टरची जाहिरात असणार. मीही हात मागे घेतला आणि घाईघाईने निघालो. इतका शहाणा मी.

ट्रेनिंगच्या वर्गात नऊ मिनिटं उशिरा शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा. आमचे शिक्षक इशिदासान, साठीचे, सडपातळ. मी इंग्रजीत सांगितलं की गाडी उशिरा आली.

ते अदबीने म्हणाले, "चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

वर्गातल्या बाकी चौघांनी आपापल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या होत्या. माझ्याच गाडीने आले होते ते. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी घामाघूम होऊन म्हणालो, "खरंच सांगतो, मी वेळेवर निघालो होतो." हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला सुजीत दिसला. अगदी तसाच उभा.

इशिदासान ओरडले नाहीत. दुपारी मला बरोबर घेऊन स्टेशनवर गेले, चिठ्ठी मागून घेतली आणि अर्थ सांगितला. अमुक तारखेला आमची गाडी इतकी मिनिटं उशिरा धावली, त्याबद्दल क्षमस्व. खाली रेल्वेचा शिक्का. "ही ऑफिसात दाखवायची," ते म्हणाले. "उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, हे तुम्ही का सिद्ध करायचं? ज्याच्यामुळे झाला त्याने लिहून द्यायचं."

बहारीनला परतल्यावर अकरा तारखेला, रविवारी सकाळी, मी आधी गेटवर गेलो. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ तिथल्या रजिस्टरमध्ये लिहितात. माझ्या टेबलापासून ते रजिस्टर चाळीस पावलांवर आहे आणि नऊ वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं. सुजीतच्या तीन तारखा काढल्या. बस आत आली सात चारला, सात सहाला, सात अकराला. सुजीतची हजेरी सात पाच, सात सात, सात बारा. मला स्वतःची लाज वाटली, शब्द बदलून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

बस चालवणारा सिराज म्हणाला, "साहब, टायर पुराने हैं, ब्रिज पे ट्रॅफिक है. मैंने तो हर बार गेट पे लिखवाया. आपने पूछा कब?"

एचआरच्या अहमदने तिन्ही नोंदी बघितल्या. "मार्क तू दिलेस, काढायचं पत्रही तूच लिही," असं इंग्रजीत म्हणाला. मी लिहिलं. चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं. मार्क गेले, लीव्ह मंजूर झाली, चौदा तारखेच्या विमानाचं तिकीट आलं. सुजीत "थँक्यू सर" म्हणाला. वीसला अजून अवकाश होता, मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेरा तारखेला सकाळी दहाच्या चहाला सुजीतचा फोन वाजला. तो बोलत बोलत मशीनमागे गेला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता.

"मुलगी झाली, सर. आठवडाभर आधीच. दोघी बऱ्या आहेत."

सगळ्यांनी पाठ थोपटली, कोणी खजूर वाटले. मी माझा खजूर टेबलावर ठेवला. आठ तारखेची लीव्ह असती तर तो तिथे असता.

शिफ्ट सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. जपानची गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगितली होती, ती त्याने नीट ऐकली होती.

"सर, मले पण तशी एक चिठ्ठी द्या न. घरी दाखवायला. जागृती काही बोलली नाही फोनवर. नुसती रडली."

मी कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं : 'सुजीत यांना घरी पोहोचायला सहा दिवस उशीर झाला आहे. त्यात त्यांचा दोष नाही.' शिफ्टचा शिक्का मारला, सही केली आणि कागद पुढे केला.

त्याने सावकाश वाचला. "सर, दोष कोणाचा ते नाही लिहिलं."

मी कागद परत घेतला. 'दोष माझा आहे. मला क्षमा करावी,' असं खाली लिहिलं आणि स्वतःचं नाव घातलं, दत्तप्रसाद. मग उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी तो त्याला दिला. वाकलोही थोडा. त्याने घडी करून पासपोर्टात ठेवला.

बाहेर सिराजने हॉर्न दिला. "यल्ला सर, निघतो," सुजीत म्हणाला.

"अरे, चहा घेऊन जा. मी सिराजला थांबायला सांगतो पाच मिनिटं."

"नको, सर," तो दारातून म्हणाला. "बाकीच्यांना उशीर होईल."