पांढरा तंबू

आजच्या मोटारशर्यतीत लेस्ली हॅडो पहिला आला, तर पुढच्या मोसमात कारखान्याच्या संघाची गाडी त्याची, असा संघाचा प्रमुख मेजर प्रिंगल याचा शब्द होता. बेचाळिशीत असा शब्द दुसऱ्यांदा मिळत नाही. बारा फेऱ्या उरल्या होत्या आणि लेस्ली सगळ्यांच्या पुढे होता.

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका जुन्या लष्करी विमानतळावर, जिथे आता शर्यती होत, सकाळपासून वारा पिसाटला होता. एनिड नवऱ्याच्या फेऱ्यांची वेळ घेऊन फळ्यावर आकडे लिहायची आणि तो समोरून जाताना फळा उंच धरायची. दर शर्यतीला तिचे आकडे मोठे होत चालले होते. शेजारचे मेकॅनिक चिडवायचे, "बाई, लंडनहून वाचायचंय का कुणाला?" तीही हसायची. लेस्लीला नीट दिसेनासं झालंय हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. शर्यतीच्या परवान्यासाठी डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता त्यानं पाठ केला होता, आणि तिनंच तो पाठ करून घेतला होता. त्याची लाज तिला रोज वाटे.

वळणाआधी अंतराच्या पाट्या होत्या, पण त्या त्याला दिसत नव्हत्या. ब्रेक कुठे दाबायचा याची खूण शर्यतीतले चालक सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. लेस्लीची खूण म्हणजे वळणाआधीचा प्रथमोपचाराचा मोठा पांढरा तंबू, आणि ती फक्त एनिडला ठाऊक होती.

लेस्ली मैदानाच्या पलीकडे असतानाच वाऱ्यानं तंबूचे खुंट उखडले. चार माणसांनी तो उचलला आणि साठ पावलं पुढे, वळणाला खेटून, आडोशाला उभा केला. आता लेस्ली साठ पावलं उशिरा, थेट वळणावरच ब्रेक दाबणार, हे एनिडला कळलं. तिनं आकडे पुसले आणि फळाभर लिहिलं, 'आत ये'.

मेजरनं फळा धरला. "मिसेस हॅडो, डोकं ठिकाणावर आहे ना? पहिला आहे तो."

बोललं तर लेस्लीचं सगळं संपणार होतं. गाडीचा आवाज जवळ येत होता.

"त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं."

मेजरनं फळा सोडला आणि एनिडनं तो उंच धरला.

लेस्ली गाडी घेऊन आत, मेकॅनिकांपाशी आला. गॉगल कपाळावर सरकवत त्यानं विचारलं, "काय मोडलंय?" मागच्या तीन गाड्या पुढे निघून गेल्या. मेजरनं खिशातलं शर्यतीचं पत्रक त्याच्यासमोर धरलं.

"दुसरी ओळ वाच, लेस्ली."

लेस्लीनं कागदाकडे पाहिलंच नाही. तो एनिडकडे बघत होता.

"बाराच फेऱ्या होत्या गं. तेवढाही धीर धरवला नाही तुला?"

"एकही नव्हती," एनिड म्हणाली. त्याचा विश्वास बसला नाही, आणि पुढे जन्मभर बसला नाही.