टिकल्याची काठी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. माझे केस शोधू नका, होते ते कधीच झडले. आता उरली आहे ती माझ्या मागे दोऱ्याने घट्ट बांधलेली बांबूची काठी आणि तिच्यावर चोचीने कुरतडल्याच्या खुणा. त्या खुणा कशा पडल्या, ते सांगतो.

माझं तरुणपण पेणला गेलं. गणपतीच्या कारखान्यात अंगाला रंग देणारे ब्रश पुष्कळ असतात, पण डोळे आखण्याचं काम एखाद्याच बारीक ब्रशला मिळतं. ते मला मिळालं. कारखान्याचे मालक काळुरामशेठ यांनी मला डोळे आखणाऱ्या संध्याच्या हाती दिलं. उंच मूर्तीच्या डोळ्यांपर्यंत हात पोचावा म्हणून ही काठी तिनेच बांधली. काम करताना ती मूर्तीच्या अगदी समोर उभी राहायची, श्वास रोखायची आणि पापणी न हलवता बघायची. रेघ पुरी झाली की मगच श्वास सोडायची.

"संध्या, तुजा गणपती माज्याकडंच बघतोय गो," असं काळुरामशेठ म्हणाले, की त्यातलं निम्मं कौतुक मी स्वतःकडे ठेवून घेत असे.

केस झिजले तसं माझं काम नव्या ब्रशकडे गेलं. संध्या लग्न होऊन रोह्याला आली, तेव्हा माया म्हणून तिने मला बरोबर आणलं. पण माया आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्वयंपाकघरात झारा आणि उलथन्याच्या शेजारी मी वर्षानुवर्षं उभा होतो. मोरीची जाळी तुंबली, की तेवढी माझी आठवण होई. ज्याने गणपतीचे डोळे आखले, त्याने मोरी उपसायची! असो.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. संध्याचा नवरा दिनेश धाटावला एका कंपनीत होता. त्याच्या खात्यातल्या एका माणसाची बदली झाली आणि तो आपला पिंजरा दिनेशच्या हाती देऊन गेला. आत एक बजरी, म्हणजे चिमणीएवढा पोपट होता. पोपटी अंग, पिवळं डोकं, गळ्यावर काळ्या ठिपक्यांची ओळ. ठिपके बघून संध्याने त्याचं नाव ठेवलं, टिकल्या.

टिकल्या आला आणि घराची स्वस्थता गेली. दार वाजलं की तो फडफडे. कुकरची शिट्टी झाली की फडफडे. संध्या दाणे घालायला गेली, की पिंजऱ्याच्या चारी बाजूंना आपटे. एकदा पंखातून रक्त आलं. दिनेश रात्रपाळी करून दिवसा झोपायला बघे आणि दर थोड्या वेळाने दचकून उठे. उठून तो बघायला आला, की टिकल्या आणखी फडफडे. कोण कोणाला घाबरवत होतं, तेच कळेना.

एक दिवस शेजारच्या ठमाबाईंच्या फोनवर पेणहून निरोप आला. श्रावणाच्या तोंडाला आखणीचं काम सुरू होईल, संध्याने यावं. दर वर्षी त्या हंगामात ती भावाकडे पेणला राहत असे.

"तू गेल्यावर या पाखराचं कोन करनार?" दिनेशने विचारलं. "माजी तर शिफ्ट."

"माज्यासंगं नेते."

"यष्टीतनं? दानं घातलं तरी रगत काडून घेतंय ते. पेन येईपर्यंत जिवंत तरी ऱ्हाईल काय? तवापर्यंत माणसाळलं तर ने, नायतर मी सोडून देतो. मुक्या जिवाला कोंडून पाप कशाला घ्यायचं?"

दिनेश वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की दार उघडलं की पुण्य लागतं. पण टिकल्या पिंजऱ्यात जन्मलेला. रानात काय खायचं, कावळा दिसला की कुठे दडायचं, त्याला काही ठाऊक नव्हतं. संध्याला ते कळत होतं, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती कामाला लागली. म्हणजे, तिला जे येत होतं तेच तिने केलं. पिंजऱ्यासमोर बसायची, श्वास रोखायची आणि टिकल्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहायची. हळूच बोट आत घालायची. टिकल्या मागे सरकत सरकत सळयांना चिकटायचा, त्याची छाती धपापायची आणि मग एकदम फडफड सुरू व्हायची. ती आणखी पुढे वाकून बघायची.

ठमाबाई दारात उभ्या राहून हे रोज बघत. शेवटी त्यांना राहवेना.

"काय गो, असं डोळं फाडून काय बघतंस त्याच्याकडं? मांजर बसल्यावानी बसलंस. मी असते तर मी पन उडाले असते!"

"तुमी उडाल्या असत्या तर पिंजराच फुटला असता," संध्या म्हणाली. ठमाबाई खो खो हसल्या. पण संध्या हसता हसता थांबली.

मित्रांनो, मलाही तेव्हाच उमगलं. पाखराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोर बघणारे दोन डोळे, न हलणारी पापणी आणि रोखलेला श्वास, हे शिकाऱ्याचं रूप. मातीच्या मूर्तीला जी नजर चालत होती, तीच जिवंत पाखराला मारक ठरत होती.

त्या दिवशी संध्याने मला उचललं, धुतलं आणि माझ्या टोकाला राळ्याचं कणीस बांधलं. काठी सळयांतून आत सरकवून ती चक्क पाठमोरी बसली. मांडीवर तांदळाचं सूप घेतलं, खडे वेचत राहिली आणि नेहमीसारखा श्वास घेत राहिली. फार वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या टोकाला बारीकसा हिसका बसला. पहिला दाणा!

तिची बोटं काठीच्या पार शेवटी होती. टिकल्या निवांत खायला लागला, तेव्हाच तिने बोटं जराशी पुढे घेतली. तो बिचकला की ती परत मागे जाई. एकदा धाटावची गाडी खाली हॉर्न देऊन गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ती चिडली नाही. पुढे तो माझ्यावर चढून बसू लागला. त्याच्या नखांची पकड मला बांबूत जाणवे. पण बोट दिसलं की तो तिथेच थांबे.

आणि पेणचा फोन आला. उद्याच यायचं होतं.

संध्या सामान आणायला बाजारात गेली. रात्रपाळीहून आलेल्या दिनेशने पिंजरा गॅलरीत नेला, हात जोडले आणि दार उघडलं. टिकल्या भर्रकन उडाला आणि समोरच्या शेवग्यावर जाऊन बसला. त्याला पुढे कुठे जायचं ते कळेना. एक कावळा आला. मग दुसरा.

"गो संध्याऽ, तुजं पाखरू गेलं गो!" ठमाबाई गॅलरीतून ओरडल्या.

बाजारातून परतणारी संध्या पिशवी टाकून जिन्याने धावत वर आली. दिनेशचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं उडून जाईल लांब... त्ये तितंच बसलंय," तो पुटपुटला. तिने मला घेतलं, कणीस बांधलं आणि गॅलरीत शेवग्याकडे पाठ करून उभी राहिली. काठी खांद्यावरून मागे धरली होती. या वेळी बोटं कणसाच्या अगदी जवळ होती, कारण आता मागे घ्यायला वेळ नव्हता.

"बघू नका त्याच्याकडं," ती म्हणाली. "कुनीच."

दिनेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ज्यांनी आयुष्यात कुठलीही गंमत बघायची सोडली नाही, त्या ठमाबाईंनीही पदर डोळ्यांवर घेतला. कावळा एकदा कर्कश ओरडला.

मग माझ्यावर वजन आलं. इतकं कमी, की ते मलाच कळलं.

"आला काय?" तिने विचारलं.

"मी बघत नाय," भिंतीकडून दिनेश म्हणाला.

वजन सरकलं. एक पाय माझ्यावर होता, दुसरा नव्हता. तो दुसरा संध्याच्या बोटावर होता. तिने रोखून धरलेला श्वास सोडला, आणि टिकल्या उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी पिंजरा मांडीवर घेऊन ती यष्टीने पेणला निघाली. पिंजऱ्यात आडवी काठी म्हणून मी होतो. दिनेश पोचवायला आला होता. खिडकीतून निरोप देताना त्याने मान मुद्दाम दुसरीकडे वळवली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा भित्रा जीव आला, तर त्याच्यावर नजर रोखू नका. शेजारी बसा, आपलं काम करा आणि हात तेवढा पुढे ठेवा. तो आपणहून येईल. आणि हो, घरातल्या जुन्या ब्रशने मोरी उपसू नका.