हत्तीची सोंड

सुनेने पिशवीतून आधी हत्ती काढला, मग त्याची सोंड. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवत ती म्हणाली,

"आई, परत निघाली."

आजीने हातातलं अस्वल खाली ठेवलं. त्याचा एक कान टाचण्यांवर उभा होता, दुसरा अजून बशीत पडला होता. चार महिन्यांत सोंडेची ही तिसरी खेप.

"कशी निघाली?"

"काय माहीत. सकाळी बघते तर हत्ती पलंगावर आणि सोंड खाली."

चार वर्षांची नात एव्हाना खिडकीपाशी जाऊन तयार सशांची शाळा भरवत होती. तिला सोंडेचं काही सोयरसुतक नव्हतं.

आजी गेली वीस वर्षं लोकरीची खेळणी विणत होती. विणण्यापेक्षा जोडण्यात तिचा जीव. प्रत्येक भाग आधी टाचण्यांनी बसवायचा, हात लांब करून तो वाकडा तर नाही ना ते बघायचं, मग शिवायचा. गोल दोन फेऱ्या, गाठ, आणि दोऱ्याचं टोक खेळण्याच्या पोटात लपवायचं. बाहेरून टाका दिसता कामा नये. शेवटी सगळा जोर लावून ओढून बघायचं. तिच्या हातचं एकही खेळणं दुकानातून परत आलं नव्हतं, आणि आता घरचंच तीनदा आलं. पहिल्यांदा तिने हसण्यावारी नेलं होतं, दुसऱ्यांदा मात्र धसकाच घेतला. सकाळी बोटं आखडतात हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दुकानदाराला मात्र सांगून टाकलं, ही अस्वलं शेवटची.

मुलगा दीड वर्षात या घरी आला नव्हता. हे सगळं बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये, असं तो म्हणाला होता. त्यावर ती, मी कुणाच्या घरी आयती बसून खाणार नाही, असं बोलून गेली. 'कुणाच्या' हा शब्द त्याला लागला. शब्दाने शब्द वाढला आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, असं सांगून तो जिना उतरला. तेव्हापासून त्याने फोन केला नाही आणि तिनेही नाही. ताठ्याच्या बाबतीत मायलेक एकाच मापाचे. सून मात्र हत्तीच्या निमित्ताने येत होती.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सून म्हणाली. "पोरगीच ओढत असेल."

"ओढायलाच असतं गं ते. एवढ्याशा पोरीने ओढून निघालं तर माझं काम कसलं?"

मागच्या दोन्ही वेळी आजीने शरमेने जुना दोरा न बघताच उपसून फेकला होता. आज तिने दिवा जवळ ओढला आणि भिंग घेतलं. आपला हात नेमका कुठे चुकला ते तिला बघायचंच होतं.

गाठ जागच्या जागी होती. दोन्ही फेऱ्यांचे टाके जिथल्या तिथे होते. फक्त टाक्यांमधला दोरा पाच-सहा ठिकाणी तुटला होता.

तिने तसलाच राखाडी दोरा घेतला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि तुटेपर्यंत ताणला. बोटांवर लाल वळ उठले. मग दुसरा तुकडा कात्रीने कापला आणि दोन्ही हत्तीच्या दोऱ्याशेजारी ठेवले. तुटलेल्या टोकाला धागे फुटले होते, एक लांब, एक आखूड. कापलेलं टोक सरळ होतं. हत्तीची सगळी टोकं सरळ होती.

"अगं, हे तुटलेलं नाही."

सून वाकली. तिने भिंगातून दोनदा बघितलं.

"घरात कात्र्या किती?" आजीने विचारलं.

"एकच. स्वयंपाकघरात, अगदी वरच्या फळीवर. हिच्या भीतीने."

"तुझा हात पोचतो तिथे?"

"मला स्टूल घ्यावं लागतं."

त्या घरात स्टुलाशिवाय वरच्या फळीला हात लावणारं माणूस एकच होतं.

"हत्ती त्यांनीच भरून दिला पिशवीत," सून हळूच म्हणाली. "आजच जा म्हणाले. आणि आम्ही घरी गेलो की विचारत बसतात, आई जेवते का नीट, जिना चढताना दम लागतो का."

म्हणजे तिचा शिवणाचा हात गेला नव्हता. आजीला आधी राग आला.

"मेला! तोंडाने बोलायला काय जड होतं? आणि मी इथे बोटं शेकत बसलेय."

मग तिला रडू आलं. चष्मा काढून तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागली.

सोंडेच्या मुळाशी विणीचा एक टाकाही चिरला गेला होता. राखाडी अंगावर राखाडी दोरा, त्यातला कुठला कापायचा ते त्याला नीट दिसलं नसणार. आजीने आधी तो टाका सांधला. सोंड टाचण्यांवर बसवली, लांब धरून बघितली. मग राखाडी रिळाकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि डब्यातून लाल रीळ काढलं.

"आई, लाल? बाहेरून दिसेल की!"

"दिसू दे," सुईत दोरा ओवत आजी म्हणाली. "पुढच्या वेळी कापताना सोंड चिरायला नको त्याच्या हातून."