शेपटीचा तुकडा

सासऱ्यांच्या वाढदिवसाला माशाची पाई करायची ती थोरल्या सुनेनेच, हे त्या घरात कोणी ठरवलं नव्हतं आणि म्हणूनच ते मोडायचा प्रश्न कधी आला नव्हता. पफ पेस्ट्रीच्या दोन पोळ्यांमध्ये भात, सॅल्मन, उकडलेली अंडी आणि शेपू भरायचा, बाहेरून माशाचा आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचं. खवले चमच्याच्या टोकाने उठवायचे, डोळ्याच्या जागी मिरी बसवायची. शेपटीत सारण नसायचं, नुसते लोण्याचे कुरकुरीत पापुद्रे, आणि ती करणारीच्या ताटात जायची. लग्न होऊन आल्यापासून शेपटी थोरलीची होती.

यंदा सासूबाई म्हणाल्या, "या वेळी धाकटीला करू दे. तू जरा विसावा घे."

थोरली दिवसभर कपडे दुरुस्त करायच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची आणि घरी येऊन कुकर लावायची, तेव्हा तिच्या विसाव्याची आठवण कोणाला झाली नव्हती. धाकट्या जावेने सुट्टीत बेकिंगचा क्लास केला आणि ती आठवण सगळ्यांना एकदम झाली. थोरली "चालेल की" म्हणाली आणि तेव्हापासून तिच्या पोटात दुखत होतं. ते काही औषधाने थांबणारं दुखणं नव्हतं.

वाढदिवसाच्या सकाळी तिच्या वाट्याला काकड्या आल्या. ओट्याच्या एका टोकाला ती काकड्या सोलत होती आणि दुसऱ्या टोकाला धाकटीचा दरबार भरला होता. नवा एप्रन काय, वजनकाटा काय! सासरे डोकावून गेले. दीर बायकोचे फोटो काढून गेला. थोरलीचा नवरा, ज्याला विचारल्याशिवाय साखरेचा डबा सापडत नसे, तोसुद्धा येऊन वास किती छान सुटलाय म्हणून गेला. वास भाताचा होता, तो रोजच सुटायचा. थोरलीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की काकडीबरोबर बोटाचीही साल निघायची वेळ आली.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटीचा हात चांगला होता. खोट सापडावी म्हणून थोरली डोळ्यांत तेल घालून बघत होती, पण पेस्ट्री धाकटीने हलक्या हाताने लाटली, माशातले काटे चिमट्याने एकेक वेचले, लिंबू आणि मिरपूड बेताची लावली. मधूनच ती "ताई, शेपू एवढा पुरे ना?" असं विचारायची आणि थोरली नुसती मान हलवायची. इतक्या गोड बोलणाऱ्या बाईला वाईट म्हणायचीही सोय नव्हती, याचा राग वेगळाच.

मग धाकटीने भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि भसकन वाफ आली.

थोरलीचा हात थांबला. पाईतला भात पुरता गार लागतो. गरम भात पडला की पेस्ट्रीतलं लोणी वितळतं, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि तळाचा लगदा होतो. पहिल्या वर्षी एक अख्खी पाई फेकून थोरली हे शिकली होती, आणि त्यानंतर आदल्या दिवशीच भात शिजवून परातीत पसरून ठेवायची. क्लासमध्ये भात बहुधा आयता, गार झालेलाच पुढ्यात येत असावा.

"थांब" एवढा एक शब्द पुरला असता. तो ओठांवर आलाही होता. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. यंदाची पाई बघण्यासारखी होणार, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. यंदाची! मग इतकी वर्षं काय डोळे मिटून खात होता? थोरलीने मिठाची गुळणी धरली आणि पुढची काकडी उचलली. धाकटीने वाफाळता भात पेस्ट्रीवर पसरला.

पाई ओव्हनमधून निघाली ती वरून दृष्ट लागेल अशी. दृष्ट लावणारी कोशिंबिरीचं भांडं घेऊन शेजारीच उभी होती.

टेबलावर सुरी फिरली. तळ ट्रेला चिकटला, पांढुरका आणि ओलाकच्च. आता कोणीतरी बोलेल म्हणून थोरली एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली. सासऱ्यांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "झकास. अगदी दरवर्षीसारखी." तिच्या नवऱ्याने पुन्हा वाढून घेतलं. सासूबाईंनी शेपटी धाकटीच्या ताटात ठेवली आणि थोरलीला म्हणाल्या, की उगाच इतकी वर्षं एकटीने जिवाचा आटापिटा केलास.

थोरलीचा घास तोंडात फिरत राहिला. आजचा ओला तळ यांना कळला नाही, म्हणजे इतक्या वर्षांचा कोरडा, खुसखुशीत तळही कळला नव्हता. शेपटी तर गेलीच होती. पण ती मिळत होती तेव्हासुद्धा कशाबद्दल मिळत होती, हे देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर ती ट्रे खरवडत होती, तेव्हा धाकटी आपलं ताट घेऊन आत आली. शेपटी तशीच होती.

"ताई, तळ ओला राहिला," ती म्हणाली. "तुमचा कधीच राहत नाही. मी तर दरवर्षी आधी तळच खाते. काय चुकलं माझं?" आणि तिने ताट पुढे सरकवलं. "ही तुम्ही घ्या. मला नाही शोभत."

ओव्हन जुना झालाय, हे वाक्य थोरलीच्या तोंडात तयार होतं. तेवढं म्हटलं की पुढचं वर्ष आपलं, हेही तिला दिसत होतं. पण तिचा तळ खाऊन ओळखणारं घरात एकच माणूस होतं, आणि नेमकी तीच समोर उभी होती.

"भात गरम होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"घालतानाच?"

"घालतानाच."

धाकटीने ताट मागे ओढलं, शेपटी उचलली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. सावकाश, एकेक पापुद्रा मोडत, ताटातला चुरा बोटाने टिपून. थोरलीला ते सगळं बघावं लागलं.

तोंड पुसून धाकटी म्हणाली, "आता सांगा, भात गार कसा करायचा."

थोरलीने ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता.