मिरचीवरचा आळ

केडगावात सत्यशीलाचं मिरचीचं कांडप होतं, आणि तिच्या नवऱ्याचे, कल्याणचे, डोळे तीन वर्षं लालभडक होते. झालं! ज्याला त्याला कारण ठाऊक. नणंद लंकाबाई तर येता-जाता टोमणा मारायची, की बायको पोटासाठी नवऱ्याला आंधळा करतीय. सत्यशीला तोंडावर तिला गप्प करायची, पण आतून ते बोलणं तिला खाई. कांडप तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं, दारावर तिच्याच नावाची पाटी. पण नवऱ्याच्या डोळ्यांपुढं पाटीचं काय कौतुक?

तीन डॉक्टर झाले. सगळे ॲलर्जी म्हणाले, थेंबांच्या बाटल्यांनी फळी भरली. सकाळी उठला की उजवा डोळा जास्तच चिकटलेला, खुपायचा. शेवटी तिनं ठरवलं, चौथ्यानं मिरचीचं नाव काढलं की मशीन विकायची. ह्या खेपेला ती स्वतः त्याच्याबरोबर नगरला गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, धुळीत, तिखटात काम असतं का? कल्याण सरळ म्हणाला, "न्हाई." सत्यशीला उडालीच. रोज मिरचीची पोती हाच बाबा उतरवतो! तिनं कांडपाचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी त्याची वरची पापणी बोटानं नुसती वर ओढली, तर ती उशीच्या अभ्र्यासारखी उलटीच झाली. कोणत्या कुशीवर झोपतात? उजव्या, सत्यशीला म्हणाली, तोंड उशीत खुपसून, आणि घोरणं असं की शेजारी जागे. मधेच श्वास अडकतो, तेव्हा तीच हलवते. बाईंना उलगडा झाला. पापण्या सैल पडल्यात, झोपेत उलटून उशीवर घासतात. पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्री डोळ्यावर कवच लावा, मलम घाला, आणि घोरण्याची तपासणी आधी करा, श्वास असा अडकण्यात जिवाला धोका असतो.

"मिरचीत दिवसभर तुम्ही बसता, ताई," बाई म्हणाल्या. "तुमचे डोळे तर ठणठणीत आहेत."

सत्यशीलाला रडूच कोसळलं. त्या बाईंच्या रूपानं देवच भेटला असं तिला वाटलं.

बाहेर आल्यावर मात्र तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. आधीच्या तिघांनाही तो "न्हाई"च म्हणाला होता, हे तिला तेव्हा कळलं! असं खोटं कशापायी?

"त्यांनी बंद करायला लावलं असतं," तो म्हणाला. "डोळे दोन हायत. तुझं कांडप एकच हाय."

तीन वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि हा बाबा दुखऱ्या डोळ्यांनी तिच्या कांडपाची राखण करत होता. भर रस्त्यात तिनं त्याला हात जोडले. येडी का काय, असं म्हणत तो रिक्षा बघायला लागला.