पोट भरलेली बॅटरी

जयसिंगचा जीव दोनच गोष्टींत होता, थंडावा आणि मोठेपणा. थंडावा धंद्याचा: मांडवगण फराट्यात दूध गोळा करायचं, उन्हाळ्यात कुल्फी विकायची. मोठेपणा मात्र निव्वळ हौसेचा. त्या हौसेपायीच त्याने जुन्या दुधाच्या टेम्पोचं फिरतं घर केलं. आत पलंग, फ्रिज, बेसिन आणि वर टीव्ही. पुण्याची माणसं नदीकाठी मुक्कामाला भाड्याने नेतील, हा हिशेब. पुण्याची माणसं दोनदा आली. गाव मात्र रोज येऊन फुकटात बघून गेलं. जयसिंगच्या वहीत गावाचं कौतुक जमेच्या बाजूला पडत होतं, त्यामुळे तोटा असा दिसतच नव्हता.

या घराचा प्राण म्हणजे लिथियमची बॅटरी. विकणारा म्हणाला होता, "तापू देऊ नका." त्यातच कुणीतरी मोबाईलवर पेटलेली स्कूटर दाखवली. झालं. जयसिंगने बॅटरी टेम्पोतल्या जुन्या बर्फाच्या पेटीत बसवली आणि भोवती बर्फ-मीठ भरलेले बंद डबे रचले, कुल्फीला रचतात तसे. दूध नासू नये म्हणून जे करायचं, तेच बॅटरीला. डिसेंबर आला, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, तरी डबे रोज बदलले जात होते. देवपूजा एखाद्या दिवशी चुकायची.

त्याची आई सोजराबाई आता ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मशीन विजेचं, घरभर त्याची घरघर चालायची. तिच्या लेकीने, धनश्रीने, दौंडला घर बांधलं होतं आणि म्हातारीला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बॅटरीवर मशीन चालतं म्हटल्यावर जयसिंगला स्फुरण चढलं.

"आवं, सोबत शिरूरवरनं एक सिलिंडर आणा," त्याची बायको तेजश्री म्हणाली.

"म्हंजी माझ्या गाडीवर भरवसा न्हाई, असं साऱ्या गावाला दाखवू?"

आदल्या संध्याकाळी त्याने चार्जर लावला. दिवा लगेच हिरवा झाला. "बघ. पोट भरलेलंच हाय तिचं." सकाळी सोजराबाईने भाकरी बाजूला सारली. "पोट भरलंय," म्हणाली. जयसिंगने दोघींवरही विश्वास ठेवला, आईला मशीनसकट गाडीतल्या पलंगावर निजवलं आणि तेजश्रीला घेऊन निघाला.

भीमेचा पूल ओलांडून थोडं पुढे गेले आणि गाडी थांबली. पुढे उसाची ट्रॉली आडवी झाली होती, ऊस रस्ताभर पसरला होता. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. आणि त्याच वेळी आत इन्व्हर्टर किंचाळायला लागला.

बॅटरी संपत आली होती.

जयसिंगने इंजिन चालू ठेवलं. इंजिन चालू असलं की बॅटरी भरायची. पडद्यावर चार्जिंगचा आकडा शून्यच. त्याने फ्रिज बंद केला, टीव्हीची वायर उपटली, दिवे घालवले. शून्य. वायरी हलवून बघितल्या. शून्य.

"भरलेली हाय ना, म्हणून घेत नसंल," तो पुटपुटला. स्वतःलाही ते पटलं नाही.

"अरं... दूधवाल्या," पलंगावरून सोजराबाई बोलली. शब्दाशब्दाला थांबत होती. "गाय वैरणीला... तोंड लावंना... तर पोट भरलं म्हणतोस व्हय? आजारी... असती ती."

जयसिंगने पेटी उघडली. बॅटरीवर पांढरी साय धरली होती, बर्फाची. त्याने विकणाऱ्याला फोन लावला.

"बर्फात?" तो माणूस ओरडलाच. "अहो, शून्याच्या खाली ती चार्ज घेतच नाही. जीव वाचवायला आपलं दार आपणच लावून घेते. वीज देईल, पण घेणार नाही. चार्जरचा दिवाही खोटाच हिरवा होतो. आधी ऊब द्या तिला. आग लावू नका, उकळतं पाणी ओतू नका, नुसती ऊब."

जयसिंगने डबे रस्त्यावर भिरकावले, बॅटरीवरचा बर्फ पुसून काढला. पण पुसलं म्हणून लोखंड उबदार होत नाही. उन्हात अजून धग नव्हती. त्याने अंगातला स्वेटर काढून बॅटरीवर टाकला.

"धनश्रीकडनं सिलिंडर मागवा," तेजश्री म्हणाली.

"मघाशीच मागवला. ट्रॉलीच्या पल्याड कोसभर मागं अडकलाय."

तेवढ्यात मशीन थांबलं. घरात वर्षभर नको झालेली ती घरघर बंद पडली आणि फक्त सोजराबाईचा श्वास ऐकू येऊ लागला, फाटक्या भात्यासारखा. तेजश्रीने तिला छातीशी टेकवून उठवून बसवलं.

"आत्या, माझ्याकडं बघा. हळू घ्या, हळू." मग नवऱ्याकडे वळून ओरडली, "तो धूर दिसतोय का? हौशीराममामांचं गुऱ्हाळ हाय. पळा! मागा कुणाकडं तरी कायतरी, एकदा तरी!"

जयसिंग उसाच्या सरीतून धावत सुटला. आजवर त्याने लोकांना दाखवलं होतं. लोकांकडे मागितलं नव्हतं. गुऱ्हाळावर डिझेलचं इंजिन ठोके घालत होतं. वीज सकाळपासून गायब.

"मामा, ऊब पायजे. बॅटरी गोठलीया. आई चाललीया माझी."

हौशीरामने नीट ऐकलं तरी का, देव जाणे. त्याने फळीवर नुकत्याच धरलेल्या गुळाच्या ढेपांवर हात ठेवला आणि चटका लागून उचलला. "ह्या घे. पोत्यात गुंडाळ. चला रं, एकेक उचला!"

बर्फाच्या जागी गूळ बसला. गुंडाळलेल्या गरम ढेपा बॅटरीच्या चारी अंगांना लागल्या, झाकण बंद झालं. थंडी राखायला केलेली पेटी आता ऊब राखत होती.

"भीमेकाठी थंडीत बर्फ घेऊन हिंडणारा तू एकलाच, बाबा," हौशीराम म्हणाला. जयसिंगला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती. तो पडद्यासमोर गुडघ्यावर बसला होता. आईचे ओठ जांभळे पडले होते, नखंसुद्धा.

"घे गं बाई, घे," तो बॅटरीला म्हणत होता. "घे थोडं."

शून्य. तेजश्री सासूच्या पाठीवरून हात फिरवत श्वास मोजत होती, मोजता मोजता थांबली. "आत्या? आत्या!"

आकडा हलला. आधी एक, मग सात, मग चढतच गेला. जयसिंगने इन्व्हर्टरचं बटण दाबलं, घट्ट दाबूनच धरलं. मशीन खाकरलं आणि घरघरायला लागलं. तेजश्रीने नळी सारखी केली. दोन क्षण काहीच झालं नाही. मग म्हातारीची छाती हलली, पुन्हा हलली, आणि ओठांवरचा जांभळेपणा हळूहळू विरला.

ट्रॉली उचलून रस्ता मोकळा झाला, तरी जयसिंग स्टिअरिंगवर बसायला तयार नव्हता. अर्धवट धरलेला गूळ पेटीच्या फटीतून ओघळत होता. सोजराबाईने बोट पुढे केलं. तेजश्रीने त्यावर थोडा गूळ लावला.

"सकाळी तर पोट भरलंय म्हणत होतीस," जयसिंग म्हणाला.

"घास गिळला की दम लागतो रं," सोजराबाई बोट चाटत म्हणाली. "महिना झाला. तुझ्या बॅटरीसारखंच भरलं व्हतं."