दगड वाळेपर्यंत

तिला सगळे मिरचीच म्हणायचे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या रागापायीच शाळा सुटली आणि ती मामाच्या स्मृतिशिळांच्या दुकानात, दगडावर फोटो कोरणाऱ्या लेझर मशीनवर बसली. तिथे मात्र हात असा बसला, की ग्रॅनाइटवर उतरलेल्या म्हाताऱ्याचे डोळे बघून त्याच्याच लेकी बिचकायच्या.

त्या दुपारची चूक तिचीच. मशीनला नवं भिंग बसवलं होतं. ते तपासायला तिने कोपरा उडालेली एक काळी लादी घेतली. लादी कसली, अर्धा दरवाजाच. आणि मोबाइलमधला सकाळचाच फोटो लावला. ताई दुकानाच्याच माळ्याच्या खिडकीत बसलेली, केस मानेपर्यंत कापलेले, कितीतरी दिवसांनी हसलेली. नवरा वेणीला धरून फरफटत न्यायचा, म्हणून इथे पळून आल्या आल्या ताईने आधी कात्री मागितली होती. मग भाकरतुकडा.

फोटो झकास उतरला. मामाने गड्याला घेऊन लादी भिंतीला टेकवून दिली, बरोबर दारासमोर.

"जित्या माणसाला दगडावर काढू नये गं," मामा म्हणाला. "आपल्याकडे गेलेल्यांचे दगड होतात."

"टेस्ट आहे मामा. संध्याकाळी घासून टाकते."

मामा आणि गडी माल पोचवायला टेम्पो घेऊन गेले. आणि काचेच्या दारापलीकडे एक स्कूटर थांबली. हेल्मेट निघालं. भाऊजी.

ताई वर माळ्यावर झोपलेली, आणि खाली समोरच तिचं तोंड, परातीएवढं. लादी तिला एकटीला हलायची नाही. चादर टाकावी, तर हा माणूस झाकलेलं आधी उघडणारा. ताईच्या पर्सपासून भाताच्या पातेल्यापर्यंत, सगळं.

पायाशी भुकटी पुसायची बादली होती. तिने अख्खा स्पंज बुडवून दगडावर पिळला. लेझरने दगडावर जे पांढरं उमटतं, ते ओलं झालं की दिसेनासं होतं. ताई कपाळापासून विरघळली. दार उघडलं तेव्हा भिंतीला नुसती काळी, चकचकीत लादी होती.

"काय मेव्हणीबाई, धुणीभांडी इथेही सुटली नाहीत वाटतं."

"या भाऊजी."

"मामा कुठायत?"

"माल टाकायला गेलेत."

"आणि तुझी ताई?"

"तुमच्या घरी असेल की."

"घरी असती, तर मी इथे झक मारायला आलो असतो का?" हे तो अगदी हळू म्हणाला. त्याचा आवाज कधी चढायचाच नाही. घरात भांडं पडलं की ताई दचकायची नाही, हा हळू बोलला की दचकायची.

मिरची पुन्हा दगडावर स्पंज फिरवायला लागली.

"किती घासशील? बस." त्याने पायानेच बादली ओढून स्टुलाखाली घेतली आणि लादीकडे पाठ करून बसला. "उकडतंय," म्हणत टेबलफॅन स्वतःकडे वळवला. फॅनचा वारा त्याच्या खांद्यावरून थेट दगडावर.

"पाणी आण जरा."

तिने आतून पेला भरून आणला. त्याने नुसते ओठ ओले केले आणि पेला टेबलावर ठेवला. "हे बघ, मी काही राक्षस नाही. नवराबायकोत होतं थोडंफार. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं."

मिरचीला कळत होतं ते एवढंच, की त्याच्या डोक्यामागे दगड वाळतोय. आधी केस आले. आखूड, मानेवर वळलेले. मग कपाळ. मग एक भुवई, जणू ताई काळ्या पाण्यातून हळूहळू वर येतेय. बघायचं नाही, बघायचं नाही असं म्हणत डोळे तिकडेच. डावा डोळा उघडला.

"मागे काय बघतेस सारखं?" तो मान वळवायला लागला.

मिरचीने पेला उचलला आणि भिरकावला. "ताईला मारता, आणि वर आमच्याकडे पाणी मागता?"

पाणी त्याच्या कानावरून गेलं आणि दगडावर फुटलं. डोळा मिटला, कपाळ, केस सगळं पुन्हा बुडालं. पेला खणखणत मशीनखाली गेला. आजवर तिच्या रागाने तिचं वाटोळंच केलं होतं. आज पहिल्यांदा तो तिने मुद्दाम, नेम धरून काढला.

भाऊजी उठला. शर्टाचा खांदा झटकला. आता एक बसणार म्हणून तिने दात आवळले. पण तो लादीकडे गेला आणि ओला तळवा दगडावर टेकवला. बरोबर ताईच्या गालावर. पॉलिश केलेला ग्रॅनाइट काचेसारखा लागतो, कोरलेला सॅंडपेपरसारखा.

"इथे खरखरीत कसं?"

"रिजेक्ट माल आहे. पॉलिश उडालंय."

त्याने बोटं एकमेकांवर चोळली. तिच्याकडे पाहिलं. "बरं. मी समोर बसतो. मामा येऊ देत." बाहेर जाऊन स्कूटरवर बसला, तोंड दुकानाकडे.

मिरचीने आधी बादली ओढली, मग फोन. "मामा, टेम्पो मागच्या दाराला लावा. घाईचा माल आहे. भाऊजी पुढे बसलेत, त्यांना नका उठवू."

मामाला एवढं पुरे झालं. मिरचीने धूर ओढणारा मोठा पंखा सुरू केला. तो लागला की शेजारच्याचं शिंकणंही ऐकू येत नाही. अधूनमधून दगड ओला करत राहिली, काचेपलीकडून भाऊजीचे डोळे त्या दगडावरच होते. मागे टेम्पो आला. मामाने उठवलेली ताई पिशवी घेऊन मागचा जिना उतरली, पांढरीफटक.

"तू पण चल," ती आतल्या दाराआडून म्हणाली.

"मी हलले तर तो आत येईल. जा गं."

टेम्पो गेला. मिरचीने शेजारच्या टायरवाल्या काकांना फोन लावला, "जरा येऊन बसा ना आमच्या पायरीवर." काका पान्यासकट आले. मग तिने स्पंज खाली ठेवला, मोठा पंखा बंद केला आणि टेबलफॅन दगडाकडे वळवला.

दगडावर काही उमटताना बघून भाऊजी आत आला, तेव्हा ताई पूर्ण वर आली होती. आखूड केसांत, हसत, सरळ त्याच्याकडे बघत.

"केस कधी कापले तिने?"

"इथे आल्यावर."

"इथे होती?" तेच हळू बोलणं.

"होती. तुम्ही स्टुलावर बसला होतात ना, तेव्हा बरोबर तुमच्या डोक्यावर."

त्याने माळ्याकडे पाहिलं. मग दारातल्या काकांकडे, त्यांच्या मांडीवरच्या पान्याकडे. मिरची टेबलामागून हलली नाही. तिने पायानेच बादली टेबलाखाली सारली, आता दगड ओला ठेवायची गरज उरली नव्हती.